टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, मग हनुवटीवर केस का?

रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन 'नॉर्मल' आणि आरशात हनुवटीवर राठ केस. म्हापसा असो वा मडगाव, लॅबमधून कागद घेऊन निघालेल्या मुलीला याचा मेळ लागत नाही. घरी मग "तू टेन्शन फार घेतेस" म्हणून विषय मिटवला जातो. हा तिच्यावर अन्याय आहे. पीसीओएस, म्हणजे अंडाशयातल्या हार्मोनांचा बिघाड, असलेल्या मुलीच्या कागदावर बहुतेक वेळा एक आकडा तपासलेलाच नसतो, तो म्हणजे एसएचबीजी.

एसएचबीजी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. ते टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं, आणि मोकळं सुटलेलंच केसांच्या मुळाशी काम करतं. समजा एकूण टेस्टोस्टेरॉन 45 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे 1.56 नॅनोमोल प्रति लिटर. याला 100 ने गुणा आणि एसएचबीजीने (तोही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये) भागा. एसएचबीजी 60 असेल तर उत्तर 2.6. तेच 18 असेल तर 8.7. टेस्टोस्टेरॉन तेवढंच, पण मोकळ्या वाट्याचा अंदाज देणारा हा आकडा तिपटीहून जास्त.

एसएचबीजी घटवतं ते मुख्यतः इन्सुलिन. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक सोडतं. अंडाशय मात्र बहिरं होत नाही. तिथल्या हार्मोन बनवणाऱ्या थीका पेशींवर एलएच (मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) आणि इन्सुलिन जोडीने काम करतात आणि अँड्रोजन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोनं, वाढतात. बीजं अर्ध्यावर थांबतात, पाळी लांबते. सडपातळ मुलींतही हे घडतं, म्हणून वजनकाट्यावरून निदान करू नये. मान किंवा काख काळवंडून मखमलीसारखी झाली असेल तर ती घासून जाणार नाही, ती इन्सुलिनची खूण असते.

ताणाची वाट वेगळी. मेंदूकडून एसीटीएच हे हार्मोन सुटतं, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सोडतात आणि सोबत डीएचईए हे अँड्रोजनही. पीसीओएस असलेल्या साधारण 20 ते 30 टक्के स्त्रियांत अॅड्रिनलचा हा वाटा वाढलेला सापडतो. कॉर्टिसॉल यकृताकडून साखर सोडवतं, म्हणजे पुन्हा इन्सुलिन. पण नुसत्या ताणाने पीसीओएस होत नाही. अपुरी झोपही इन्सुलिनची दाद कमी करते. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

तपासणीत चुका होतात त्या अशा. गर्भनिरोधक गोळ्या एसएचबीजी चढवतात, म्हणून हार्मोन तपासायचे तर डॉक्टरांना विचारून त्या किमान 3 महिने बंद हव्यात, तोवर दुसरं साधन वापरावं. केसांसाठी घेतलेलं बायोटिन आकडे बिघडवतं, ते लॅबला आधी सांगा. उपाशीपोटीच्या इन्सुलिनवर पैसे घालण्यापेक्षा 75 ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करावी.

शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, सोडायची गरज नाही. शीत एक वाटी, बांगडा किंवा अळसांद्याचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी) भरपूर, आणि आधी भाजी. खरी अडचण संध्याकाळची: पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की गरम पाव आणि दोन चमचे साखरेचा चहा. पाव हवाच असेल तर कोंड्याची पोय घ्या, सोबत अंडं किंवा चणे, चहा बिनसाखरेचा. जेवल्यावर 15 मिनिटं चाला. चालते स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात.

मेटफॉर्मिन ही इन्सुलिनची दाद सुधारणारी गोळी बहुधा रात्रीच्या जेवणासोबत 500 मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात. रिकाम्या पोटी किंवा एकदम मोठा डोस घेतला की जुलाब होतात आणि मुली गोळी सोडून देतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी12 तपासत राहावं. हनुवटीवरच्या केसांना फरक दिसायला निदान 6 महिने लागतात. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र थांबू नका. ते पीसीओएसचं वागणं नव्हे, अंडाशयात किंवा अॅड्रिनलमध्ये गाठ नाही ना हे लगेच बघून घ्यायला हवं.