बाबा सिगारेट ओढायचे का?

तुम्ही विचारलंत म्हणून. सोसायटीत, लिफ्टमध्ये, सिंहगड रोडच्या केमिस्टकडेसुद्धा, बाबांचा खोकला ऐकला की हाच प्रश्न. तर हो, बिड्या ओढायचे, घरी आल्यावर दोन-तीन. खाली खाणीत नाही. कोळसा खाणीत बिडी-काडी न्यायला सक्त मनाई, गॅस पेटतो, उतरायच्या आधी झडती होते, म्हणून तर खाली खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, चालतो. चंद्रपूरकडच्या अंडरग्राउंड खाणीत २६ वर्षं काढली त्यांनी, ते कुणी विचारत नाही.

पुण्यात आणलं तेव्हा पहिल्या डॉक्टरनेही स्मोकिंगच विचारलं. एक्सरेत डाग, थुंकीत टीबी सापडला नाही तरी टीबीच्या गोळ्या सुरू, ६ महिने. बाबा उलट्या करायचे, लघवी लाल व्हायची आणि मी गोळ्या मोजून देत होते, चुकवली तर ओरडत होते. खोकला होता तिथेच. मग दुसरीकडे गेलो, तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, काका, काम काय करायचात? बाबा खुर्चीतून उठले, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि ड्रिल कसं धरायचं ते दाखवायला लागले, छताला बोल्ट मारायचा म्हणून वर वाळूच्या दगडात भोक पाडायचं, सगळी भुकटी तोंडावर. तेवढं दाखवतानाच धाप लागली, बसवावं लागलं. मग सीटी स्कॅन, आणि तेव्हा नाव कळलं, न्यूमोकोनिओसिस. ५ मायक्रॉनहून बारीक धूळ थेट फुप्फुसाच्या आत जाऊन बसते, तिथला भाग कडक होत जातो आणि ती बाहेर काढायचं औषधच नाही. खाण सुटली तरी आजार वाढू शकतो.

पहिल्या डॉक्टरवर खूप चिडले मी. १९५२ च्या खाण कायद्यातच होतं, आजी-माजी खाणकामगारात असा आजार दिसला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवायचं. पण त्या हॉस्पिटलचा फॉर्म मीच भरला होता ना. व्यवसाय: निवृत्त. एवढंच लिहिलं.

आणि बाबा? दर ५ वर्षांनी पीएमई, म्हणजे तपासणी व्हायची, तिथे दम लागतो हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. अनफिट ठरलो तर वर पाठवतील, अंडरग्राउंडचा भत्ता जाईल. मी आधी भांडायचे, सांगायचं होतं ना! पण कुठल्या वर्षी? माझं इंजिनिअरिंग चालू होतं तेव्हा? आणि बिडीचा वाटा किती, धुळीचा किती, हे मला अजून कुणी वेगळं करून दिलेलं नाही.

काल लिफ्टमध्ये परत कुणीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "हो, बिडी." खाण म्हटलं की पुढचं सगळं सांगत बसावं लागतं, तेवढा दम नाही त्यांच्यात.