चुकलेला पर्याय काय सांगतो?

चाचणी झाली, उत्तरसूचीवरून पेपर तपासले, गुण ॲपमध्ये भरले आणि गठ्ठा कपाटात गेला. पुढच्या दिवशी नवा पाठ सुरू. नियतकालिक मूल्यांकन चाचणी असो की शिष्यवृत्तीचा सराव पेपर, शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाची माहिती त्या गठ्ठ्यातच राहून जाते.

ती काढायला एक मोठा कागद पुरतो. डावीकडे मुलांची नावे, वर प्रश्नांचे क्रमांक. चौकटीत बरोबर-चूक अशी खूण करू नका. मुलाने निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक लिहा. प्रश्न सोडून दिला असेल तर आडवी रेघ. मग कागद उभा वाचा, एकेक प्रश्न.

उदाहरणार्थ ४०२ − १७८. पर्याय: (१) ३७६ (२) २३४ (३) २२४ (४) ३२४. बरोबर उत्तर तिसरे. पहिला पर्याय निवडणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते: ८ मधून २, ७ मधून ०, ४ मधून १. त्याला हातच्याची वजाबाकी मुळातच उमगलेली नाही, त्याला दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या यांपासून सुरुवात हवी. दुसरा पर्याय निवडणाऱ्याने शतक सुटे करून १० दशके घेतली, पण त्यातले एक एककाकडे गेल्यावर ९ उरतात हे तो विसरला. चौथ्या पर्यायात एकक-दशक नीट आहेत, फक्त शतक ४ चे ३ झाले नाही. गुणपत्रकात तिघांनाही शून्य. या तिघांना एकत्र बसवून तीच वीस गणिते पुन्हा देणे म्हणजे पहिल्याचा वेळ वाया घालवणे आणि चौथ्या पर्यायवाल्याला कंटाळा आणणे.

अर्थात, पर्याय असे विचारपूर्वक केलेले असतील तरच हे जमते. बाजारातल्या बऱ्याच सराव संचांत चुकीचे पर्याय नुसते आसपासचे आकडे असतात. त्यांतून काहीच कळत नाही. म्हणून सरावाचे प्रश्न स्वतः काढावेत, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक चूक ठेवावी.

प्रश्नच सदोष आहे का, हेही त्याच कागदावर तपासता येते. ३० मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांनुसार वरची ८ आणि खालची ८ मुले घ्या. वरच्यांपैकी ७ आणि खालच्यांपैकी ३ जणांचे उत्तर बरोबर असेल, तर फरक ४, भागिले ८, म्हणजे ०.५: प्रश्न चांगला, तो येणारी आणि न येणारी मुले वेगळी दाखवतो. ०.२ च्या खाली आले तर भाषा पुन्हा वाचा. ऋण आले तर आधी उत्तरसूची तपासा. अनेकदा चूक तिथेच असते. पटावर दहाच मुले असतील तर हा हिशेब भरवशाचा नाही, तिथे मुलाला जवळ बसवून ‘हे कसं काढलंस?’ असे विचारणेच उत्तम.

अंदाजाचाही हिशेब ठेवा. शिष्यवृत्तीच्या पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चार पर्याय, ऋण गुण नाहीत. नुसते गोळे रंगवले तरी सरासरी ३७-३८ गुण पडतात. त्यामुळे सराव पेपरात ४० गुण मिळवणाऱ्या मुलाला ‘थोडे येते’ असे मानणे धोक्याचे. उच्च प्राथमिक स्तराच्या शिष्यवृत्ती पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. तिथे अंदाज बरोबर ठरण्याची शक्यता सहात एक. मुलाची खरी तयारी त्या प्रश्नांत अधिक स्पष्ट दिसते.

हे सगळे टिकते ते सर्वांना सारखा वेळ, सारख्या सूचना आणि सारखी तपासणी असेल तरच. भाषेच्या चाचणीत उतारा मोठ्याने वाचून दाखवला की ती वाचनाची चाचणी उरत नाही. मायेपोटी केलेली ही मदत त्या मुलाची अडचण वर्षभर झाकून ठेवते.

४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेल्या, मुलांचे शिकणे देशभर मोजणाऱ्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणाचा हेतू वेगळा. त्यात नमुन्याने निवडलेल्या शाळा असतात आणि चित्र जिल्ह्याचे, राज्याचे मिळते. एका मुलाबद्दल त्यावरून काही बोलता येत नाही. अशा सर्वेक्षणाआधी आठवडेच्या आठवडे नमुना प्रश्न घोटून घेतले तर जिल्ह्याचे चित्रही खोटे होते आणि शिकवण्याचे दिवसही जातात.

गटवार शिकवून झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी तोच प्रश्न नको, त्याच जातीचा द्या: ५०३ − २६७, पर्याय ३६४, २४६, २३६, ३३६. चुकांचा क्रम तोच आहे, त्यामुळे कोणते मूल कुठून कुठे सरकले ते जुन्या कागदाशेजारी ठेवून लगेच दिसते.