स्टारवाली माणसं

परवा दुपारी इंदूरच्या घरी जेवून जरा डोळा लागत होता तर फोन वाजला, "मॅडम, सुपर कॉरिडॉर पे प्लॉट है". त्या आठवड्यातला हा चौथा. 1909 वर मेसेज करून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे कॉल बंद करायची सोय, कधीच लावून ठेवलीय, जाहिरातवाल्यांना 140 ने सुरू होणारे नंबर, बँकवाल्यांना 1600 ने, नियम सगळे आहेत, पण हे भिया (म्हणजे इंदुरी भैया) लोक साध्या दहा आकडी मोबाईलवरून लावतात, एक ब्लॉक केला की दुसऱ्यावरून हजर.

शेवटी वैतागून फोनमधल्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये शिरले. स्टार केलेल्या माणसांचीच रिंग वाजणार, बाकीचे गुपचूप मिस कॉलमध्ये जाऊन बसणार. छान! पण स्टार कोणाला द्यायचा हे ठरवणं म्हणजे मुंजीची आमंत्रणं लिहिण्यापेक्षा अवघड. आई, नवरा, लेक, भाऊ इथपर्यंत भराभर झालं आणि नणंदेच्या नावापाशी बोट अडलं. तिचा फोन म्हणजे पाऊण तास. नाही दिला. आणि रविवारी ती आलेली असताना लेकीनं माझा फोन चाळत सगळ्यांसमोर विचारलं, "आई, आत्याला स्टार नाही?" मी पोहे-जिलबी पुढे केली, वरून जिरावन मसाला विचारला, शेव विचारली, आणि किचनमध्ये जाऊन आधी तिला स्टार देऊन टाकला.

त्या सेटिंगमध्ये अजून एक गंमत आहे, त्याच नंबरवरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू देता येतो. मला हे फार पटलं, गरजू माणूस दोनदा कडी वाजवणारच ना. आईला बजावून ठेवलं, कुठूनही लाव, पण दोनदा लाव.

गेल्या मंगळवारी आई राजवाड्याच्या बाजारात गेली आणि तिचा फोन डिस्चार्ज झाला. मी घरी वाट बघतेय, अंधार पडला, हिचा पत्ता नाही. साडेसातला रामबागेतल्या घरी पोचली, दोन्ही हातांत पिशव्या, आणि चेहरा असा की मी आधी पाणीच दिलं. मग फोन बघितला तर 6:10 चा एक अनोळखी मिस कॉल, शेवेच्या दुकानातल्या काकांच्या मोबाईलवरून. एकच.

"अगं दोनदा लाव म्हटलं होतं ना!"

"दुसऱ्याच्या फोनवरून किती वेळा लावायचा गं, बरं दिसतं का ते? एकदा लावला त्याचंच मला कसंतरी वाटलं, म्हणून त्यांच्याकडून अर्धा किलो लौंगवाली शेव घेतली."

शेव बरी होती, लौंग जरा जास्त. काकांचा नंबर सेव्ह केलाय, स्टार देऊन.