सभा बोलवायची कोणी?

अकरावीच्या राज्यशास्त्रात राजा आणि संसद यांचा झगडा आला की इंग्लंडचा पहिला चार्ल्स, त्याचा शिरच्छेद आणि लगेच पुढचा मुद्दा, असं सहसा होतं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या दिवशी मी नेपाळ घेतला. तिथले राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेताना जे केलं, ते बरंचसं राज्यघटनेतली कलमं पुढे करून केलं. त्यामुळे कोणत्या कलमातून सत्ता कशी निसटली, हे मुलांना हातात कागद देऊन दाखवता येतं. कापूस वेचणीचे दिवस होते, वर्ग निम्माच भरला होता. या प्रयोगाला तेवढी मुलं पुरतात.

तयारी साधीच आहे. नेपाळच्या 1990 च्या राज्यघटनेतली चार कलमं पुठ्ठ्यावर चिकटवायची. कलम 35: राजानं कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं करायचा. कलम 53: पंतप्रधानाच्या शिफारशीवरून राजा प्रतिनिधी सभा (संसदेचं निवडून आलेलं सभागृह) विसर्जित करू शकतो, पण सहा महिन्यांच्या आत निवडणुकीची तारीख द्यावी लागते. कलम 118: राजानं सैन्य वापरायचं ते पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि सरसेनापती यांच्या परिषदेच्या शिफारशीवरून. कलम 127: घटना राबवताना अडचण आली तर राजा ती दूर करण्यासाठी आदेश काढू शकतो, आणि असे आदेश संसदेपुढे ठेवायचे. कलमांचा सारांश देऊ नये. 127 चा शेवटचा तुकडा गाळला तर सगळा खेळच वाया जातो.

एक राजा, एक पंतप्रधान, एक सरसेनापती, एक सभापती, तिघांचं सर्वोच्च न्यायालय आणि उरलेली सगळी प्रतिनिधी सभा. राजाला एकच ताकीद: कार्डावर नाही ते करायचं नाही.

मे 2002 पासून सुरुवात केली. माओवाद्यांचं बंड पेटलेलं, आणीबाणी वाढवायची की नाही यावर पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांचं स्वतःच्याच पक्षाशी वाजलेलं. आमच्या पंतप्रधान मुलीनंही तेच केलं जे देउबांनी 22 मे रोजी केलं होतं: सभा विसर्जित करण्याची शिफारस. राजा झालेल्या मुलानं कलम 53 वाचून ती मान्य केली. इथे सभासदांना खरोखर उठवून व्हऱ्हांड्यात पाठवावं लागतं. बाकावर बसलेली राहिली तर ती मधे बोलत राहतात आणि रिकामं सभागृह म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही.

नोव्हेंबरची निवडणूक बंडामुळे घेता येईना, म्हणून पंतप्रधानानं मुदत मागितली. राजानं 127 चं कार्ड उचललं: ठरल्या वेळी निवडणूक होत नाही ही अडचण, ती दूर करायची म्हणून पंतप्रधान बडतर्फ. 4 ऑक्टोबर 2002 रोजी काठमांडूत हेच घडलं होतं. वर्गात सगळे गप्प, कारण राजानं कार्डाबाहेर पाऊल टाकलं असं कुणाला सांगता येईना.

तेवढ्यात दारातून एक मुलगी म्हणाली, "सर, आदेश संसदेपुढं ठेवाचा असं लिवलं हाय. संसद तं आमी व्हऱ्हांड्यात हावो. मंग ठेवाचा कोठी?"

हा प्रश्न मी सांगून यायला नको असतो. तो मुलांकडूनच यावा लागतो. त्या दिवशी तो पहिल्या वीस मिनिटांत आला. 127 वर अंकुश ठेवणारी संसद, आणि ती संसदच नसताना ते कलम वापरलं गेलं. कुलूप दाराला आणि किल्ली आत, अशी ती घटना होती.

मग न्यायालयाच्या तिघांकडे सगळे वळले. सभा परत बसवता येईल का? त्यांना दोन्ही निकाल सांगितले. 1995 मध्ये मनमोहन अधिकारी यांच्या शिफारशीवरून विसर्जित झालेली सभा नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा जिवंत केली होती. 2002 चं विसर्जन मात्र त्याच न्यायालयानं वैध ठरवलं. तिघांत दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, विसर्जनाच्या बाजूनं. मला तो पटला नाही, पण त्यांनी कारण कार्डावरचंच दिलं: शिफारस निवडून आलेल्या पंतप्रधानाचीच होती.

सभासदांचा पुढचा डाव पैशाचा होता. "आमी बजेट पास नाही करत!" इथेच इंग्लंड आणि नेपाळ वेगळे पडतात, आणि इथे थांबायलाच हवं. चार्ल्सनं 1629 ते 1640 संसद बोलावलीच नाही, तिला न विचारता लावलेल्या जहाजपट्टीसारख्या करांवर भागवलं. पण स्कॉटलंडशी युद्ध उभं राहिल्यावर पैसा पुरेना आणि संसद बोलावणं भाग पडलं. नेपाळमध्ये सभा नसताना अर्थसंकल्प अध्यादेशानं निघत राहिले. तिजोरीची दोरी संसदेच्या हातात आहे असं आपण शिकवतो, पण अध्यादेशाची वाट मोकळी असली की ती दोरी सैल पडते.

1 फेब्रुवारी 2005 ला राजानं सगळी सत्ता उघड हातात घेतली, फोन बंद केले, नेत्यांना स्थानबद्ध केलं. वर्गात हा भाग मी नुसता सांगितला, खेळवला नाही. तिथे कार्डांचा उपयोग संपलेला असतो. एप्रिल 2006 मध्ये 19 दिवस लोक रस्त्यावर होते. 21 तारखेला राजानं 'पंतप्रधानाचं नाव सुचवा' म्हटलं, ते आंदोलन करणाऱ्या सात पक्षांनी नाकारलं. त्यांना माणूस नको होता, सभागृह हवं होतं. 24 च्या रात्री जुनी सभा पुनर्स्थापित झाली. 18 मे रोजी तिनं सैन्याच्या नावातून 'शाही' काढलं, राजाच्या मिळकतीवर कर लावला आणि अधिवेशन बोलावण्याचा अधिकार पंतप्रधानाकडे घेतला. चौथाई सभासदांनी मागणी केली तर सभापतीनं ते बोलवायचं. 28 मे 2008 ला संविधान सभेनं 560 विरुद्ध 4 मतांनी राजेशाही संपवली. मुलांना तो आकडा आवडतो. माझ्या मते खरा निर्णय दोन वर्षं आधीच, त्या अधिवेशनाच्या तरतुदीत झाला होता.

इंग्लंडलाही ते 1641 मध्ये उमगलं होतं. तीन वर्षांत राजानं संसद बोलावली नाही तर ती त्याच्याशिवाय भरवण्याची तजवीज कायद्यातच केली. 1689 नंतर तर शांततेच्या काळात खडं सैन्य ठेवायलाही संसदेची संमती लागू लागली, आणि ती थोड्या थोड्या मुदतीचीच मिळे. आपल्या राज्यघटनेत दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, ते कलम 85 मुळे.

शेवटी व्हऱ्हांड्यातल्या मुलांनी गावाचं काढलं. एकाच्या गावात सरपंचावर अविश्वास आलेला. सभा सरपंचानंच बोलवायची असती तर ती कधी झाली असती, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "झालीच नसती. नोटीस तहसीलदाराले देल्ली होती." कायद्यात तसंच आहे: ठरावीक संख्येनं सदस्यांनी तहसीलदाराला नोटीस द्यायची, विशेष सभा तहसीलदार बोलावतो. ज्याच्या विरुद्ध ठराव, त्याच्या हाती सभेची सूचना ठेवलेली नाही.

पुढच्या तुकडीसाठी पाचवं कार्ड करून ठेवलं आहे, अध्यादेशाचं, नेपाळच्या त्याच घटनेतलं कलम 72. ते राजाकडे सुरुवातीलाच द्यायचं आणि अर्थसंकल्पाचा डाव सभासदांनी टाकेपर्यंत त्याचा उल्लेखही करायचा नाही.