तुम्ही विचारलंत म्हणून: वाफसा आला का?

पाऊस थांबून दोन दिवस झाले, आता द्राक्षबागेत ट्रॅक्टर घालू का? निफाडपासून चांदवडपर्यंत हाच प्रश्न येतो, आणि प्रत्येकाला उत्तर दिवसांतच हवं असतं. दिवसांत ते देता येत नाही हो, ते वाफशावर ठरतं, म्हणजे जादा पाणी निथरून माती कामाजोगी ओली उरण्यावर. मुरमाड रान एक-दोन दिवसांत वाफशावर येतं, गोदाकाठच्या भारी काळीला त्याच पावसानंतर आठवडाही लागतो.

वरची माती सुकून पांढुरकी दिसली म्हणून फसू नका. खुरप्याने वीतभर उकरा आणि खालची मूठभर माती दाबा. बोटांतून पाणी सुटलं, किंवा अंगठ्याने ती चकचकीत पट्टी होऊन लांबली, तर थांबा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर भुसभुशीत फुटला, तर वाफसा. गोळाच होत नसेल तर वाफसा निघून गेला. चार ठिकाणी बघा, त्यातलं एक सखल भागातलं. आणि तोवर ठिबक बंद ठेवा. पाऊस पडूनही रोजचं पाणी चालूच, हे फार ठिकाणी दिसतं.

एवढा आग्रह मुळीसाठी. वाफशात बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा असते, पांढरी मुळी या दोन्हींवर जगते. ओल्यात चाक गेलं की आधी मोठ्या पोकळ्या दबतात. कांद्याच्या रानात ओल्यात रोटाव्हेटर मारलात तर ढेकळं वाळून टणक होतात, मग रोप लावायचं कुठे?

आता अवघड भाग. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि रात्रभर पाऊस. सकाळी पानं ओली, डाऊनी या बुरशीच्या रोगाला हेच हवं असतं, आणि तो घडावर गेला की घड गेला. फवारणी आजच हवी, रानात मात्र पाय रुततोय. ट्रॅक्टरमागचा ६०० लिटरचा भरलेला ब्लोअर, म्हणजे फवारणी यंत्र, त्यात नुसतं पाणीच ६०० किलो, वर ट्रॅक्टर. बांधावर एसटीपी, म्हणजे फवारणीचा पंप ठेवून नळी ओढत फवारा, असं मी सांगतो. त्याला माणसं लागतात, वेळ लागतो, मोठ्या बागेत दुपारपर्यंत निम्मंही होत नाही. मग टाकी अर्धीच भरा, जुन्याच चाकोरीतून जा, वळण बांधावर घ्या. वाफसा नसेल तर चाक नको, हे मी आजही म्हणतो. पण घड जात असताना ट्रॅक्टर घातलेल्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.