तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीच्या शिक्षकांचं आमच्याकडे काय काम?

सांगलीत मी स्पीच थेरपी करते. शिकाऊ थेरपिस्ट आणि इंग्रजी घेऊन बी.एड. करणारी मुलं यांना काही दिवस एकत्र शिकवतेही. दर वेळी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आम्ही भाषा शिकवणार, तुम्ही वाचादोष बघणार. मग एकत्र कशाला?"

तिसरीतली एक मुलगी 'रेड'ला 'लेड' म्हणायची. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तिला शिकवणी लावली होती. माझ्याकडे आली तेव्हा मी इंग्रजी बाजूलाच ठेवलं. "शाळेत कशी जातेस गं?" "लिक्षानं." मराठीतही 'र' नव्हताच. 'र' उशिरा येतो हे खरं, पण आठव्या वर्षी नुसती वाट बघायची नसते. तिचं अख्खं वर्ष शिकवणीत गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्याकडूनही उलटी चूक होते. जतकडचा एक मुलगा 'एग'ला 'येग' म्हणाला आणि आमच्या विद्यार्थिनीनं कागदावर 'उच्चारदोष' लिहून टाकला. शेजारी बसलेला बी.एड.चा मुलगा त्याच भागातला. तो म्हणाला, "अगं, घरी कन्नड बोलतात त्याच्या. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात." दोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. फक्त इंग्रजीत दिसला, तर ते शिकवायचं काम, उपचाराचं नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पोराचे काही आवाज अजून बसायचे असतात, तेवढ्यात दुसरी नाहीतर तिसरी भाषा येते. अशा वेळी आईआजीला विचारल्याशिवाय कुणीच काही लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शिक्षकांकडून आम्हीही शिकतो. अडखळत बोलणाऱ्या मुलाला हजेरीच्या क्रमानं धडा वाचायला लावला, की आपला नंबर येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागतो. तेच सगळ्यांबरोबर एका सुरात वाचताना बहुतेकांचं अडखळणं कमी होतं. आमच्या पुस्तकात हे आहेच, पण पन्नास मुलांच्या वर्गात ते कसं जमवायचं हे बी.एड.च्या एका मुलीनं करून दाखवलं. आधी सगळा वर्ग, मग बाकावरची जोडी. त्या मुलाच्या जोडीला ती स्वतः बसली, पुस्तकावर बोट ठेवून, त्याच्याच वेगानं.