तुम्ही विचारलंत म्हणून: दांडेली, आंबोली, चोर्ला, दूधसागर... मुक्काम कुठं करायचा?

पावसाळा संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच छापाचे मेसेज सुरू होतात. पुण्याचे पाहुणे, मुंबईचे, कोल्हापूरचे, आणि आता तर बंगळूरला नोकरीला गेलेली आमच्या टिळकवाडीतलीच पोरं पण विचारतात, की चार-पाच दिवस सुट्टी आहे, मुलं बरोबर आहेत, जंगल बघायचंय, राफ्टिंग करायचंय, धबधबा पाहिजेच, तर दांडेलीला एक रात्र, आंबोलीला एक, चोर्ल्याला एक आणि जाता जाता दूधसागर असं केलं तर जमतंय काय, आणि हॉटेलं कुठली घ्यायची. मी बेळगावची, माहेर जांबोटीकडचं, त्यामुळं सगळ्यांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. सगळं नाही, पण एवढं नक्की माहीत आहे की हा प्लॅन करू नका. एकच जागा धरा आणि तिथंच ठाण मांडा.

कुठली? पाऊस गेल्यावर येत असाल, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढं, तर गणेशगुडी. दांडेली गाव नाही, गणेशगुडी, फरक पुढं सांगते. ऐन पावसात येत असाल तर जांबोटी-कणकुंबीचा पट्टा. आणि बेळगाव शहरात एसी रूम घेऊन रोज जाऊन येऊ म्हणत असाल तर आमच्याकडं कुंदा खायला या, जंगलाचं विसरा.

मॅपवर सगळं जवळ दिसतं हेच खरं दुखणं आहे. आंबोली वेंगुर्ला रोडनं, शिनोळी-पाटणे फाटा करत. चोर्ला जांबोटी रोडनं. दांडेली खानापूरवरनं खाली दक्षिणेला. म्हणजे बेळगाव मधोमध आणि ही गावं वेगवेगळ्या दिशांना, एकातनं दुसरीकडं जायचं तर बऱ्याचदा परत बेळगावलाच यावं लागतंय नाहीतर घाटातनं वळणं घेत मुलांच्या ओकाऱ्या काढत जावं लागतंय. दूधसागर तर गोव्यात. कॅसलरॉक स्टेशनापासनं रुळावरनं चालत जायचं रेल्वेनं कधीच बंद केलंय, रील बघून कुणी जाऊ नका, पोलीस परत पाठवतात ते सोडा, बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. रीतसर जायचं तर गोव्यातल्या कुळे गावातनं जीपनं, आणि त्यासाठी अख्खा अनमोड घाट उतरून परत चढायचा. तो धबधबा 310 मीटरचा आहे, बघण्यासारखा आहेच, पण गोव्याच्या ट्रिपमध्ये बघा की.

पण अंतरापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. जंगलात जे काही बघायचं असतंय ते उजाडल्यापासनं नऊपर्यंत आणि मग संध्याकाळी चारनंतर. मधल्या वेळात पक्षी पण झोपतात आणि गवे पण. आता हॉटेलचा चेकआऊट बघा, दहा-अकरा. चेकइन बारा-एक. म्हणजे ज्या दिवशी मुक्काम बदलला त्या दिवशी सकाळ गेली बॅगा भरण्यात, पोरांचे ओले कपडे कुठल्या पिशवीत घातले ते शोधण्यात, आणि संध्याकाळ गेली नवीन ठिकाणी वायफायचा पासवर्ड विचारण्यात. रोज मुक्काम बदलला तर तुम्ही जंगलात आलाच नाही, जंगलातल्या रस्त्यांवर आलात. म्हणून मी जागा निवडताना एकच बघते, सहा वाजता अंथरुणातनं उठून चपला घातल्या की दहा मिनिटात झाडाखाली पोचतोय काय. तिथनं प्रेक्षणीय स्थळं किती आणि किती किलोमीटरवर ही यादी नंतर.

गणेशगुडी या परीक्षेत पास होते. जोयडा तालुक्यातलं छोटंसं ठिकाण आहे, काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या पायथ्याला. जोयडा तालुक्याला पूर्वी सुपाच म्हणायचे, ते जुनं सुपा गाव धरणात गेलं, ऐंशीच्या दशकात, आणि तिथली बरीच माणसं रामनगरला वसवली, तुम्ही लोंढ्यावरनं येताना जे रामनगर लागतंय तेच. तिथं चहाला थांबलात तर टपरीवर मराठी, कोकणी, कन्नड तिन्ही एकाच वाक्यात ऐकू येतील.

आता राफ्टिंगचं, कारण प्रश्न सगळे त्यावरच असतात. काळी नदीचं राफ्टिंग पावसावर चालत नाही, विजेवर चालतंय. म्हणजे असं, की धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे, तिथले जनरेटर चालू झाले की पाणी खाली सुटतं, नदी फुगते, आणि मग राफ्ट निघतात. जनरेटर बंद तर नदीत नुसते खडक. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, आमच्याकडचे सगळे धबधबे वाळून काळे कातळ झालेले असताना, काळीला मात्र पाणी असतं. आणि म्हणूनच तिथं राहायचा फायदा. बाहेरनं एका दिवसासाठी आलेल्या माणसाला "आज पाणी सोडलं नाही" म्हटलं की संपलं, पैसे गेले नाहीत तरी दिवस गेला. तिथंच राहणाऱ्याला मालक सकाळी चहा देताना सांगतो, आज अकराला सोडणार म्हणे, जाऊन या. बुक करताना दोन गोष्टी विचारून घ्या. किती किलोमीटरचं आहे, कारण शॉर्ट राफ्टिंग म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा एका वळणापुरतं नेऊन फोटो काढून परत आणतात, आणि मुलांना वयाची अट काय आहे. लाइफ जॅकेटचा मधला पट्टा मांडीखालनं घट्ट ओढलाय काय ते स्वतः बघा, गाइडवर सोडू नका. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

तरी राफ्टिंग म्हणजे दोन-तीन तासांचं काम. मला गणेशगुडी आवडते ती पक्ष्यांमुळं. तिथं ओल्ड मॅगझिन हाऊस म्हणून जंगल लॉजेसचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या पर्यटन कंपनीचं, एक ठिकाण आहे, धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायचं कोठार होतं ते, आता पक्षी बघणाऱ्यांचं माहेरघर झालंय. झाडाखाली पाण्याची उथळ भांडी मांडलेली, आणि समोर आपण गप्प बसायचं, एवढंच. दुपार कलली की एकेक करत उतरतात. आधी बुलबुल, त्यातला एक पिवळा, काळ्या डोक्याचा, गळ्याला कुणी कुंकवाचं बोट लावावं तसा लाल ठिपका. गोव्याचा राज्यपक्षी तोच. मग शामा येतो, लांब शेपटीचा, तो आधी पलीकडच्या फांदीवर बसून दोनदा शेपटी उडवतो, उतरतो, परत वर जातो, परत उतरतो, त्याचं धाडस होईपर्यंत आपल्या पायाला मुंग्या येतात. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला तर बाजूला बसलेल्या कॅमेरेवाल्यांचा नुसता टकटकाट. माझी भाची, जिला घरी पाच मिनिटं मोबाइलशिवाय बसवत नाही, ती तिथं दिवे लागेपर्यंत हलली नाही. (दुसऱ्या दिवशी परत मोबाइल घेतलाच, चमत्कार वगैरे काही झाला नाही.)

आणि धनेश. या भागात धनेशाच्या चार जाती दिसतात, त्यातला मोठा धनेश उडत गेला की पंखांचा आवाज आधी येतो, झाडू मारल्यासारखा, मग पक्षी. जानेवारीनंतर आलात तर त्यांचा विणीचा हंगाम. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते, आणि पुढचे कित्येक आठवडे नर बाहेरनं उंबराची, वडाची फळं आणून त्या फटीतनं भरवतो. नर मेला तर आतल्यांचं खाणं संपलं. म्हणून ढोलीखाली जाऊन गलका करू नका, गाइड लांब उभं राहा म्हणाला तर उभं राहा.

वाघाचं विचारूच नका. हा काळी व्याघ्र प्रकल्प आहे, 2007 ला दांडेली-अणशी म्हणून जाहीर झाला, 2015 ला नाव काळी झालं, वाघ आहेत, काळा बिबट्या पण आहे. पण हे ताडोबा नव्हे. इथलं जंगल दाट आहे, वीस फुटांवर वाघ बसला तरी दिसायचा नाही. सफारीत गवा, चितळ, शेकरू बघून खूश होणार असाल तर जा. वाघ दिसला नाही म्हणून जीपवाल्याशी भांडणारे पाहुणे मी बघितलेत, मला लाज वाटली.

हं, दांडेली गावाचं. गाव वाईट नाही, पण ते पेपर मिलचं गाव आहे, बाजार, कॉलनी, बसस्टँड. आणि दांडेली नाव लावलेली रिसॉर्टं पसरलीत पार जोयड्यापासनं हळियाळच्या बाजूपर्यंत. फोटोत झाडं दिसतात म्हणून ॲडव्हान्स भरू नका, मालकाला लोकेशन पाठवायला सांगा आणि तिथनं नदी किती लांब ते स्वतः मोजा. ज्याच्या जाहिरातीत रेन डान्स आणि डीजे आहे तिथं धनेश येणार नाही हे सांगायला नको.

आता पावसाळ्याचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काळीवर राफ्ट नाही, सफारीचा पण भरवसा नाही, मग तिकडं कशाला जाता? जांबोटीला या. इथं ॲडव्हेंचर म्हणजे पाऊस हाच. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, आणि तिथनं फार लांब नाही, भीमगडच्या रानात देगावला म्हादईचा. एक पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात, दुसरी खाली गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात. एकाच डोंगरातला पाऊस दोन समुद्रांना वाटून जातो, आणि त्या वाटपावरनं दोन राज्यं किती वर्षं भांडतायत ते पेपरात वाचताच तुम्ही.

इथं होमस्टे घ्या, घरगुती. उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याची आमटी, नशीब असेल तर अळंबी. बाहेर जायला निघालात की घरातली काकू म्हणणारच, "पाऊस पडूलालाय, आता कुठं जातासा, बसा की." ऐका त्यांचं. भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, वज्रपोहा आणि तिकडचे बरेच धबधबे जंगलाच्या आत येतात, वनखात्याची परवानगी लागते, पावसात बंदी पण घालतात, आणि चोरवाटेनं नेतो म्हणणारा पोरगा पाणी वाढलं की सगळ्यात आधी पळतो. याच रानात बारापेडे गुहांमध्ये एक वटवाघूळ आहे, रॉटनचं म्हणतात, शास्त्रात 1913 ला नोंद झाली, कित्येक वर्षं जगात फक्त इथंच आहे असं समजत होते, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. बघायला मिळणार नाही, गुहेत सोडत नाहीत आणि सोडू पण नये. पण आपण झोपलोय तिथनं काही कोसांवर ते आहे एवढं मुलांना सांगा, त्यांना मजा वाटते.

आंबोली? बेडकांसाठी येणार असाल तर आंबोलीच, त्यात वाद नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रात्री टॉर्च घेऊन गाइडबरोबर निघालात की हिरवी घोणस, उडता बेडूक, आणि गावाचंच नाव मिळालेला तो आंबोली टोड. पण शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यावर जाऊ नका, तिथं पाण्यापेक्षा भजीचं तेल जास्त वाहतं.

जळवांना घाबरू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी मोज्यांना लावा, चिकटली तर ओढून काढू नका. घाबरायचं तर गोचिडीला. उन्हाळ्याच्या आधीपासून, डिसेंबर ते मे, आमच्याकडं गोचिडीतनं पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम असतो, 1957 ला शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, आता उत्तर कन्नडमध्ये आहे, खाली दोडामार्ग-सत्तरीत पण आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाचोळ्यात बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि गावात कळवा. घरी गेल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे सांगा, नुसता व्हायरल म्हणून गोळ्या घेऊ नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना सफारीच्या जीपमधनं हाडं खिळखिळी करून आणू नका. पक्ष्यांच्या त्या भांड्यांसमोर खुर्ची टाकून द्या, तुम्ही नदीवर जा.

जोयड्याकडं मोबाइलला रेंज कुठं येते कुठं नाही, तेव्हा पैसे रोख ठेवा, मॅप आधी डाउनलोड करा, पेट्रोल रामनगरला भरून घ्या. ट्रेननं येणार असाल तर लोंढ्याला उतरा आणि मुक्कामवाल्यालाच गाडी पाठवायला सांगा. फक्त रात्री पोचणारी ट्रेन घेऊ नका, पुढचा रस्ता जंगलातला आहे, वळणावर गवा उभा असतो आणि तो हॉर्नला बाजूला होत नाही.